राक्षस मरतो ते गाणं

आमच्या घरात एक सिनेमा आहे, तो आम्ही शेवटपर्यंत बघत नाही. यूट्यूबवर आहे, फुकट आहे, सहा गाण्यांचा आहे. पाचवं गाणं संपलं की आई म्हणते, "बंद कर माय आता," आणि मी मोबाईल पालथा ठेवते. सहाव्या गाण्यात राक्षस मरतो. तो राक्षस म्हणजे माझे वडील.

घराबाहेरही तो फारसा कुणी बघितलेला नाही. हिंगोली जिल्ह्यात असा एक गाण्यांचा सिनेमा निघाला होता हे हिंगोलीतच कुणाला माहीत नाही, मग पुण्या-मुंबईचं काय सांगायचं. खाली ज्या चार-दोन प्रतिक्रिया आहेत, त्यांत एकाने ड्रोन भाड्याने कुठे मिळेल असं विचारलंय आणि एका बाईने विचारलंय की राक्षसाचा कोट कुणी शिवला. कोट मी शिवला. आखाडा बाळापूरला माझं ब्लाऊज-ड्रेस शिवायचं दुकान आहे. त्या बाईला मी अजून उत्तर दिलेलं नाही.

गोष्ट तशी जुनीच. सात समुद्रांपलीकडे एक बेट, बेटावर झाड, झाडाला पिंजरा, पिंजऱ्यात पोपट आणि पोपटात राक्षसाचा जीव. साखऱ्याला, माझ्या माहेरी, आमच्या गल्लीतल्या दोन पिढ्यांच्या लेकरांनी ही गोष्ट माझ्या वडिलांच्या, म्हणजे नानांच्या तोंडून ऐकली. नाना दिवसभर काळीपिवळी जीप चालवायचे आणि संध्याकाळी ओट्यावर राक्षस व्हायचे. आवाज असा की गोठ्यातल्या म्हशी कान टवकारायच्या. राजपुत्राने पोपटाची मान मुरगळली की नाना स्वतःच ओट्यावर आडवे पडायचे, डोळे फिरवायचे, आणि लेकरांनी अंगावर चढून गुदगुल्या केल्याशिवाय उठायचे नाहीत.

त्या लेकरांतलाच एक पुढे हिंगोलीत लग्नांचं शूटिंग करायला लागला. स्टुडिओ टाकला, ड्रोन घेतला, दाढी ठेवली. दुसऱ्यांची लग्नं काढून काढून त्याला कंटाळा आला असणार, कारण एक दिवस तो लॅपटॉप घेऊन नानांपुढे येऊन बसला आणि म्हणाला, "नाना, तुमच्या राक्षसावर पिच्चर काढू. पण आजच्या जमान्यातला."

आजच्या जमान्यातला राक्षस मोबाईलच्या टॉवरखाली राहतो. तो ज्याच्या हातात मोबाईल देतो तो माणूस त्यात बघत बसतो आणि बोलायचं विसरतो. एकेक करून सगळं गाव मुकं होतं. राक्षसाचा स्वतःचा जीव मात्र एका जुन्या बटणांच्या मोबाईलमध्ये आहे, आणि तो मोबाईल पेटीत पेटी अशा सात पेट्यांत ठेवलेला आहे. शेवटी एक शाळकरी पोरगी तो शोधून काढते आणि त्याची बॅटरी काढते. ऐकायला गंमत वाटते. मलाही वाटली होती, चहा करता करता मी हसलेही होते.

पण राक्षस नानांनीच करायचा म्हटल्यावर माझं हसू गेलं. आदल्या वर्षी नानांच्या छातीत कळ आली होती. नांदेडला नेऊन नळीत जाळी बसवली होती. उन्हात फिरायचं नाही, ओरडायचं नाही, दगदग करायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि हा दाढीवाला त्यांच्याकडून भर उन्हात टॉवरखाली गाणी म्हणून घेणार. मी भांडले. मी भांडते तेव्हा शेजारच्या घरातला टीव्ही बंद होतो, ऐकता यावं म्हणून. नाना शांतपणे म्हणाले, "पोरी, पोतं उचलायला थोडंच बोलवून राहिला तो? गाणं तर म्हणायचंय." हौसेला मोल नाही म्हणतात. आईही त्यांच्याच बाजूने. नवरा पिच्चरमध्ये दिसणार म्हणून तिने नवं लुगडं बाहेर काढून ठेवलं होतं.

मग कोट शिवायचं माझ्याकडे आलं. काळं कापड, त्यावर फुटक्या सीडींचे तुकडे आरशासारखे लावायचे. नानांचं माप मला तोंडपाठ होतं, वर्षानुवर्षं त्यांचे बुशकोट मीच शिवले. तरी टेप लावला, आणि टेपची दोन टोकं छातीवर नेहमीच्या आकड्याच्या कितीतरी आधीच जुळली. मला वाटलं टेप मुरगळला असेल. सरळ करून पुन्हा लावला. नाना वर बघत गुणगुणत उभे होते. मी माप लिहून घेतलं आणि कोट थोडा सैलच बेतला.

गाण्यांना चाली लावल्या त्या बाळापूरच्या बँडवाल्या चाचांनी. नानांचे जुने दोस्त. लग्नाच्या वराती वाजवून वाजवून केस पांढरे झालेले, पण पेटीवर बसले की आजही बोटं पाण्यासारखी फिरतात. पाच गाणी त्यांनी दणक्यात बांधली. सहावं, राक्षस मरतानाचं, त्यांनी अगदी हळू, उतरत्या सुरात ठेवलं. त्याचं ध्रुपद नानांनीच जुळवलं होतं:

हळू काढ गं पोरी, हळू काढ,
माझ्या जिवाची बॅटरी.

म्हणता म्हणता राक्षसाचा आवाज मधेच तुटत जातो, रेंज गेल्यावर फोनमधला तुटतो तसा. शेवटी नुसते ओठ हलतात. माझ्या दुकानात नानांनी पहिल्यांदा म्हणून दाखवलं तेव्हा मी मशीन थांबवलं. चाचा म्हणाले, "नाना, इत्ता सच्चा नक्को गाओ. थोडा झूट रखो गाने में." नाना खूश झाले. त्यांना ती शाबासकी वाटली.

शूटिंग चैत्रात सुरू झालं, ते नकटीच्या लग्नासारखं. लाईट जायची, ड्रोन बाभळीत अडकायचा, बॅटरी काढणाऱ्या पोरीची परीक्षा मधेच यायची. टॉवरखालच्या माळरानावर नाना माझा कोट घालून नाचायचे आणि मी बाजूला पाण्याची बाटली आणि जिभेखाली ठेवायची गोळी घेऊन उभी. दुकान बंद ठेवून मी साखऱ्यात राहिले होते ते त्या गोळीसाठी. पाच गाणी झाली, गोळी लागली नाही. मला वाटायला लागलं होतं की आपणच उगाच घाबरट.

सहावं गाणं दिग्दर्शकाने आमच्या अंगणात घ्यायचं ठरवलं. मेलेल्या राक्षसाला गावकरी आणून अंगणात निजवतात, वर पांढरं कापड टाकतात, आणि मुक्या झालेल्या गावाला वाचा फुटते ती रडण्यातून, असं काहीतरी त्याच्या डोक्यात होतं. आई म्हणाली, "आपल्या अंगणात न्हाई. जित्या माणसावर पांढरं टाकत नसतात." नानांनी तिची समजूत काढली. गल्लीतल्या बायका रडायला बसवल्या होत्या, त्या पदर तोंडात धरून हसत होत्या.

दिग्दर्शकाला कावळे पण पाहिजे होते. राक्षस मरतो तेव्हा भिंतीवर कावळे येऊन बसले पाहिजेत. आता कावळे बोलवायचे कसे? आमच्याकडे सगळ्यांना एकच रीत ठाऊक. त्याने भात शिजवून आणला होता, दह्यात कालवून त्याचे गोळे केले आणि भिंतीवर ओळीने मांडले. बायकांचं हसणं तिथेच थांबलं. आई माझ्या कानाशी आली. "हे तर पिंडं मांडून राहिला बाई हा," ती म्हणाली.

मी त्याला झापलं. तो म्हणाला, "ताई, भातच हाय तो. तुमी शिकलेल्या बाया बी असं बोलून राहिल्या?" गोळे तसेच राहिले. कावळे मात्र येईनात. पलीकडच्या लिंबावर ओळीने बसून नुसते बघत होते. ऊन चढलं, भात वाळायला लागला. कापडाखालून नानांचा आवाज आला, "माझी कायतरी इच्छा राहिली असंल. इचारा कुणीतरी." सगळे हसले. चाचा हसले नाहीत. त्यांनी पेटीचा भाता मिटला.

मग नाना पाणी प्यायला उठून बसले. मी बाटली घेऊन चार पावलांवर असेन. लिंबावरून एक कावळा निघाला, भिंतीवरच्या भातावरून सरळ पुढे आला आणि नानांच्या डोक्यावर बसला. पंख मारून लगेच उडाला नाही. बसला, इकडं तिकडं बघितलं, मग गेला. कॅमेरा चालू होता, म्हणून ते सिनेमात आहे. राक्षस उठून बसतो आणि त्याच्या डोक्यावर कावळा बसतो. दिग्दर्शकाने ते ठेवलं, इतकं चांगलं पुन्हा मिळणार नाही म्हणून.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, हे मलाही कळतं. पण डोक्यावर कावळा बसला तर काय करायचं, हेही आमच्याकडे ठरलेलं आहे. ज्याच्या डोक्यावर बसला तो मेला म्हणून रक्ताच्या माणसाला खोटा निरोप धाडायचा. ते माणूस खरंखरं रडलं की मरण त्या रडण्यावर फसतं आणि माघारी जातं. मग लगेच सांगायचं, जित्ता आहे. पूर्वी निरोप घेऊन माणूस जायचा, दारात उभा राहायचा, पहिला हंबरडा ऐकला की तिथल्या तिथे खरं सांगायचा आणि चहा पिऊन परत यायचा.

रक्ताचं माणूस म्हणजे पुसेगावची आत्या, नानांची थोरली बहीण. नाना लहान असतानाच आजी गेली, आणि आत्यानेच नानांना कडेवर घेऊन वाढवलं. तिच्याशिवाय नानांसाठी कोण रडणार? आईने माणूस जाण्याची वाट बघितली नाही. माझ्याच मोबाईलवरून तिने आत्याला फोन लावला आणि एका दमात म्हणाली, "आक्का, तुमचा भाऊ गेला हो."

फोनचा आवाज मोठा होता. आम्ही सगळे हंबरड्याची वाट बघत होतो. पलीकडे कुठेतरी भांडं वाजलं. मग आत्या म्हणाली, "बरं." आणि फोन ठेवला.

आईचा चेहरा मी विसरत नाही. "रडल्या न्हाईत," ती म्हणाली, "आक्का रडल्याच न्हाईत." तोपर्यंत नाना कावळ्याची टिंगल करत होते. आता त्यांनी विचारलं, "न्हाई रडली? कायच न्हाई?" त्यांनी कोटाची बटणं काढली, कोट घडी करून माझ्या हातात दिला आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजले. ते कावळ्याला भ्याले नव्हते. बहीण आपल्यासाठी रडली नाही, हे त्यांना लागलं. मला आत्याचा इतका संताप आला होता की समोर असती तर काय बोलले असते कुणास ठाऊक.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ती आलीच. हातात कैऱ्यांची पिशवी. नाना दिसल्याबरोबर आधी त्यांना दोन्ही हातांनी चाचपलं, खांदे, दंड, पाठ. मग आईवर घसरली. "काहून गं, नवरा मेलेली बाई सोताच फोन करती का? तिच्या तोंडून शबूद फुटतो का? तुजा आवाज ऐकला अन् मला समजलं, कावळ्याचं काम हाय."

"मंग रडायचं न्हाई का खोटं खोटं?" आई म्हणाली.

"खोट्या रडण्यानं मरण फसतं व्हय? मला ठाऊक असताना रडले असते तर त्याचं वंगाळ झालं असतं." आत्याने बाहेर दारात चप्पल काढणाऱ्या माझ्या नवऱ्याकडे बोट दाखवलं. "आता असं करा. मी ध्यानातून काढून टाकते. मधी दिवस जाऊ द्या. मंग एक दिवस या जावयाला धाडा. आगाऊ सांगू नका. दारात उभं राहून सांगू द्या. मंग मी रडते, बराबर रडते."

नानांचा जीव भांड्यात पडला होता, बहिणीचा उलगडा झाला म्हणून. पण दुसऱ्या निरोपाचं नाव काढताच ते भडकले. "एकदा पिच्चरमदी मेलो, एकदा फोनवर मेलो. आता बास. पुन्हा म्हातारीच्या काळजाला तकलीफ द्यायची न्हाई." आईने मिनतवाऱ्या केल्या. त्यांनी ऐकलं नाही. आत्या जाताना मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "कावळ्याचं फिटलं न्हाई बाई अजून. ध्यानात ठेव." मी हो म्हटलं. मी असलं मानत नाही, पण त्या दिवसापासून दुकानाच्या पत्र्यावर कावळा उतरला तरी माझी सुई थांबायची.

गणपतीत मंडळाने सिनेमा दाखवला. मारुतीच्या पारासमोर पांढरा पडदा, दिवस मावळायच्या सुमाराला. पहिल्या दोन गाण्यांना पोरांनी शिट्ट्या मारल्या, मग हळूहळू लोक उठायला लागले. ज्या गोष्टीत मोबाईल हा राक्षस आहे ती बघताना अर्धं गाव मोबाईलमध्ये बघत होतं. शेवटच्या गाण्याला आम्हीच घरचे उरलो होतो आणि चाचा. आत्या नानांना खेटून बसली होती. पडद्यावर आमचं अंगण आलं, पांढरं कापड आलं, बायका रडायला लागल्या. आत्याने पडद्याकडे बघत बघतच शेजारी हात नेला आणि नानांच्या दंडाला जोरात चिमटा घेतला. नाना "आई गं" म्हणून ओरडले. "हाय," ती म्हणाली आणि पुढे बघायला लागली.

सिनेमा कुठेच चालला नाही. मात्र ते शेवटचं गाणं गल्लीतल्या पोरांनी रिंगटोन म्हणून लावलं. दळणाच्या रांगेत, एसटीत, पोराच्या खिशातून अचानक नानांचा आवाज यायचा, हळू काढ गं पोरी, हळू काढ. नाना छाती फुगवून इकडं तिकडं बघायचे. मी त्या पोरांना शिव्या दिल्या, तर आणखी दोघांनी लावलं.

सोयाबीनची रास झाली तेव्हा मी आणि माझे मालक साखऱ्याला गेलो होतो. सकाळी नानांनी चहा घेतला, आईला साखर कमी पडली म्हणून टोकलं, आणि अंगणात खाटेवर बसून दाढी करायला आरसा मागितला. मी आरसा घेऊन आले तर ते एका अंगावर कलंडलेले. मला वाटलं नाटक करतायत. मी खरंच त्यांच्या कुशीत गुदगुल्या केल्या. मग गोळी आणायला धावले. तोंड उघडेना.

गल्ली जमली. कुणीतरी नानांना खाली घेतलं, त्याच जागी, भिंतीशी, आणि पांढरं कापड घातलं. बायका बसल्या, त्याच बायका. पुसेगावला कुणी जायचं हा प्रश्नच नव्हता. घरात गडीमाणूस एकच, जावई. ते शेजाऱ्याची गाडी घेऊन निघाले. फोन करू नका, नीट सांगा, असं मीच रडत रडत म्हटलं. ते दारात उभे राहिले आणि त्यांनी सांगितलं. दुसरं ते तरी काय करणार होते?

आत्याचा आवाज गाडी वळायच्या आधी आला. असं रडणं मी आयुष्यात ऐकलेलं नाही. ऊर बडवत, केस सुटलेले, लहानपणच्या नावाने हाका मारत ती अंगणात आली. रडणाऱ्या बायका गप्प होऊन तिला वाट द्यायला लागल्या. ती कापडाशी बसली, पुन्हा एक हंबरडा फोडला, आणि मग थांबली. पदराने तोंड पुसलं. नाक पुसलं. माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर काम नीट केलेल्या माणसाची तरतरी होती.

"झालं ना?" ती मला म्हणाली. "बराबर रडले ना? उठव आता त्याला."